बाबांना अर्धीच येणारी कविता

१२ फेब्रुवारी

दादा,

बाबांना झटका आला तो हृदयाचा नव्हे, मेंदूचा. हे आधी सांगते, कारण फोनवर तू "हार्ट का?" विचारलंस, मी "नाही" म्हटलं आणि मग आपल्यापैकी कुणीतरी फोन ठेवला. आपलं फोनवर असंच होतं. तू "बरं" म्हणतोस, मी "बरं" म्हणते आणि दोघंही सुटतो. म्हणून पत्र लिहितेय. तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय.

झालं ते असं. सकाळी ते दाढी करत होते, मी स्वयंपाकघरात डबा भरत होते. ब्रश पडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही, म्हणून गेले. ते स्टुलावर ताठ बसले होते. अर्ध्या तोंडाला साबण होता आणि उरलेलं अर्धं खाली ओघळलं होतं. मी हाक मारली तर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी दुकानदार आणि ते माझा तराजू तपासायला आलेत.

हॉस्पिटलचं सगळं आटोपून आता घरी आणलंय. उजवा पाय थोडा साथ देतो, उजवा हात अजिबात नाही. वाचा गेली. त्यांना समजतं सगळं, डॉक्टर तसं म्हणतात आणि मलाही दिसतं, पण तोंडातून एकच अक्षर येतं, "तं". पाणी हवं तरी "तं", नको तरी "तं", माझा राग आला की मोठ्याने "तं".

वाचा-उपचार करणाऱ्या एक मॅडम दिवसाआड येतात. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. पिशवीत चित्रांची कार्डं असतात. त्या म्हणाल्या की वार, महिने, पाढे, शाळेतल्या प्रार्थना, असं पाठ झालेलं डोक्याच्या वेगळ्या कोपऱ्यात साठवलेलं असतं आणि पुष्कळदा ते वाचतं. तेव्हा पाढ्यांपासून सुरुवात केली. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून जन्म काढलेला माणूस, पावकी-निमकी तोंडावर असलेला, पण "बे एके" च्या पुढे सरकेना. प्रार्थना झाल्या, वार झाले. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी दातांच्या लॅबमधून अर्धा दिवस सुट्टी घेते. सकाळी दात, दुपारी बाबा. खालच्या मजल्यावरच्या वहिनी सकाळी त्यांच्याजवळ बसतात.

तुला ये म्हणत नाही. कळवायचं ते कळवलं.

शेपूट
(हे नाव अजून आठवत असेल असं धरून चालते.)


२ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. पण हे कळवल्याशिवाय राहवत नाही.

बाबा बोलले.

मॅडम नेहमीसारखी कार्डं दाखवत होत्या. कप. "तं." चावी. "तं." मग घराचं चित्र काढलं आणि म्हणाल्या, "काका, हे घर. घराला काय काय असतं? दार. आणि ही कोण? खि... खिड..."

बाबा उशीवरून पुढे झाले. डावा हात वर केला. आणि म्हणाले:

"ऐका मालक, मी तुमच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, ज्याच्या खोलीला खिडकी द्यायची तुम्ही विसरलात."

शब्द तोंडात घोळलेले होते, कवळी वरखाली होत होती, पण वाक्य अखंड होतं. आणि ते थांबले नाहीत. "ऐका मालक, मी भिंतीवर खिडकी काढली आहे, खडूने, आणि ती उघडते." पुढची ओळ. त्याच्या पुढची. लय तुझी होती. "मालक" वर तू जसा हातोडा मारायचास तसाच.

मॅडमच्या हातातलं कार्ड तसंच राहिलं. त्यांनी मला विचारलं, "हे काय? नाटकातलं आहे का?"

"कविता आहे," मी म्हटलं. "माझ्या भावाची."

"भाऊ कवी आहेत?"

"नाही. आगीच्या विम्याचे दावे तपासतो."

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. त्या काळात पोरं केस वाढवायची, कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून एकाच सिगारेटीवर चौघं जगायची, आणि सायक्लोस्टाईल केलेली, दोऱ्याने शिवलेली ही लांबलचक कविता हातोहात फिरायची. कवीने नाव न घालता नुसतं "एक भाडेकरू" असं छापलं होतं. वाचनालयं ती ठेवायला तयार नव्हती. तू ती रोज संध्याकाळी खोलीत येरझाऱ्या घालत मोठ्याने म्हणायचास, आणि पलीकडच्या खोलीत बाबा कामावरून येऊन पाय पाण्यात सोडून बसलेले असायचे. मधली भिंत पातळ होती. वर्षानुवर्षं ते ऐकत होते. ऐकायचं नव्हतं त्यांना, पण कानाला पापणी नसते.

मॅडमनी विचारलं, "काकांना आवडायची का?"

मी म्हटलं, "या कवितेपायी त्यांनी मुलाला घराबाहेर काढलं."

बाबा तोवर मालकाच्या खोट्या तराजूच्या ओळीपर्यंत आले होते. तिथे थांबले. पुन्हा ती ओळ म्हणाले, पुन्हा थांबले. पुढे रस्ताच नाही, असं तोंड झालं त्यांचं. मग "तं".

शेपूट


१५ मार्च

दादा,

कार्ड मिळालं. टाईप केलेलं, खाली सही. "उपचार चालू ठेव. काही लागलं तर कळव. कविता वगैरे आता आठवत नाही. पुस्तक कधीच टाकून दिलं." ठीक.

तुझी अडचण होऊ नये म्हणून मागचं उगाळत नाही. फक्त मॅडमना जे सांगितलं ते तुझ्या माहितीसाठी, कारण तुझ्याबद्दल मी काय सांगते ते तुला ठाऊक असावं. मी सांगितलं की तू ती पानं बाबांच्या कचेरीत, वजनांवरच्या शिक्क्यांच्या दरपत्रकावर डकवलीस. साहेबांसमोर बाबांनी ती नखांनी खरवडून काढली. घरी येऊन म्हणाले, "या घरात ती कविता राहील, नाहीतर मी." आणि तू चपला घालत म्हणालास, "घर तुमचंच आहे, मालक." मी परकराच्या वयाची होते, दारात उभी होते. यात काही चुकत असेल तर कळव.

आता इकडची हालहवाल.

बाबांना स्वतःचं बोलणं अजून जमत नाही. मॅडम बजावतात की हे पाठांतर आहे, फार हुरळून जाऊ नका. पण बाबांनी त्यातून काम काढायला सुरुवात केलीय. खोलीत कोंदट झालं की खडूच्या खिडकीची ओळ म्हणतात. मी खिडकी उघडते. पायात मोजे नको असले की "तुमच्या शिपायांचे बूट आम्ही गच्चीत कुंड्यांसारखे मांडलेत आणि त्यांत पुदिना आलाय." मोजे काढते. परवा मोठे डॉक्टर तपासायला आले होते. पलंगाशी उभं राहून पथ्यपाण्यावर बरंच बोलले. बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ऐका मालक, तुमच्या भाषणाच्या वेळी मला नेमकी मुतायला लागते."

डॉक्टर गोरेमोरे झाले. मी म्हटलं, "डॉक्टर, त्यांना खरंच लागलीय." लागली होतीच.

खालच्या वहिनींना आधी हे चमत्कारिक वाटलं. बाबांच्या तोंडून त्यांनी कधी शिवी ऐकली नाही, आणि आता म्हातारपणी हे. एकदा मला जिन्यात गाठून त्या म्हणाल्या, "अगं, पूर्वी देवमाणूस होते." मी म्हटलं, "वहिनी, आता माणूस आहेत." मग त्याही शिकल्या. आता मी लॅबमधून आले की विचारण्याआधीच सांगतात, "दोनदा शिपायांचे बूट, एकदा मालकांचं भाषण."

एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली होती, बरीच वर्षं. ती कविता चांगली आहे, दादा. तू कधी नीट सांगितलं नाहीस, नुसता ओरडायचास. मला वाटायचं ती रागाची कविता आहे. आता रोज कानावर पडते, बाबांच्या संथ, अडखळत्या आवाजात, तेव्हा कळतं की तिच्यात रागापेक्षा खोडकरपणा जास्त आहे. हा भाडेकरू मालकाला शिव्या देतो, पण दर ओळीत त्याला हाक मारून थांबवतो. "ऐका." म्हणजे मालकाने निघून जाऊ नये अशीच त्याची इच्छा असणार. ज्याच्याशी संपलं त्याला कुणी "ऐका" म्हणत नाही. आणि ती एक ओळ: "तुमच्या जिन्याला कठडा नाही, म्हणून आम्ही एकमेकांचे खांदे धरून उतरतो, आणि तुम्ही याला कट म्हणता." लॅबमध्ये दातांना पॉलिश करताना मी ती पुटपुटत होते, तर शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "ताई, पुन्हा म्हणा." पुन्हा म्हटली. दुसऱ्या दिवशी तिने अजून मागितल्या. आता मेण तापत असतं तोवर आमचं हेच चालतं. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणावी लागते, आणि मग कळतं की तू का ओरडायचास. ती हळू म्हणताच येत नाही.

तर काम असं. बाबा तराजूच्या ओळीवर अडकतात. तुला आठवत असेल, तू त्या ओळीवर आलास की ते भिंतीवर मुठीने ठोकायचे आणि तू गप्प व्हायचास. त्यांचा धंदाच काढला होता ना त्या ओळीत. म्हणजे त्यांनी पुढचं कधी ऐकलंच नाही. त्यांची कविता तिथेच संपते. रोज तिथे येतात, पुढे वाट शोधतात, डोळे भरून येतात. मॅडम म्हणतात, पुढचा भाग मिळाला तर बघू या.

पुढचं काय आहे ते लिहून पाठवशील का? जेवढं आठवेल तेवढं.

शेपूट


२९ मार्च

दादा,

कार्ड नाही. आगी लागत असतील.

बाबांची कवळी नवीन केली. जुनी त्यांच्या जुन्या तोंडाची होती. आता उजवा गाल सैल पडला, कवळी हलायची, बोलताना खाली यायची, आणि शब्द तिच्यात अडकून चेपायचे. मी लॅबच्या मालकांना विचारलं. ते स्वतः डॉक्टर आहेत, पण घरी जाऊन माप घेत नाहीत. माझ्यासाठी आले.

ते पायऱ्या चढून घामाघूम होऊन आत आले, पिशवी ठेवली आणि म्हणाले, "काय काका, कसं काय?"

बाबा म्हणाले, "ऐका मालक."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी लॅबमध्ये त्यांना मालकच म्हणते, त्यांना वाटलं मी शिकवलं. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बोला."

बाबांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मला वाटलं दोन ओळींनंतर डॉक्टर घड्याळ बघतील. त्यांनी बघितलं नाही. हात मांडीवर ठेवून ते तराजूपर्यंत सगळं ऐकत बसले. त्यांना वाटलं हे सगळं त्यांनाच चाललंय. शेवटी म्हणाले, "काका, जिन्याचं खरं आहे तुमचं. लॅबच्या मागच्या जिन्याला कठडा नाही. करून घेतो." मग तोंड उघडायला सांगितलं आणि माप घेतलं. कठडा खरंच बसवलाय. अजून रंग लावायचा आहे.

कवळी मी केली. साच्यात प्लास्टर ओतलं, मेणात दात लावले, रंग जुळवला. बाबांच्या जुन्या कवळीला सगळे दात एकसारखे, ओळीत उभे केलेले, शाळेच्या कवायतीसारखे. मी पुढचे दोन किंचित वाकडे लावले, जसे त्यांचे खरे होते तसे. त्यांनी आरशात बघितलं आणि ते दोन दात जिभेने चाचपले. काही म्हणायचं झालं तरी शब्द कुठून आणणार.

पण कवळी बसल्यावर उच्चार स्वच्छ आले. आणि एक गंमत कळली. तराजूची ओळ तू म्हणायचास, "ऐका मालक, तुमचे काटे खोटे आहेत." इतके दिवस बाबांच्या तोंडात तो शब्द चेपून यायचा, म्हणून आम्ही "काटे" च ऐकत होतो. ते "काटे" म्हणत नाहीत. ते म्हणतात, "तुमची मापं खोटी आहेत."

मी त्यांना "काटे" म्हणून बघितलं. त्यांनी डाव्या हाताने मला गप्प केलं आणि "मापं" म्हणाले.

शेपूट


७ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड: "शेवट आठवत नाही. क्षमस्व." क्षमस्व हा शब्द तू भावाबहिणीत वापरलास, त्यावरून कळलं की कार्ड लिहायला वेळ लागला असणार.

शेवट मला येतो.

तुला विचारला तेव्हाही येत होता. तुझ्याच खोलीच्या अर्ध्या भागात पडद्याआड माझी खाट होती, आणि दुपारी बाबा कामावर असायचे तेव्हा तू न थांबता शेवटपर्यंत म्हणायचास. संध्याकाळची कविता अर्धी आणि दुपारची पूर्ण. मी अभ्यासाचं पुस्तक धरून दोन्ही ऐकायची. मग तुला का विचारलं, हा प्रश्न पडला असेल तर त्यावर मी लिहिणार नाही. तू तपासणी अधिकारी आहेस.

काल दुपारी मी बाबांना शेवट ऐकवला. मॅडम होत्या, वहिनी दारात होत्या. बाबा तराजूपर्यंत आले, अडकले, आणि मी पुढचं धरलं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तिथून पुढे कविता बदलते ना, तुला आठवत नसलं तरी सांगते. शिव्या विरळ होत जातात. भाडेकरू मालकाच्या घरातल्या एकेका वस्तूला नाव द्यायला लागतो. मालकाची दुखरी पाठ, मालकाची रिकामी गॅलरी, मालकाचा जुना कोट. त्याने हे सगळं भिंतीच्या फटीतून बघितलेलं असतं. आणि मग:

"ऐका मालक, किल्ली मी नदीला दिली. दार उघडं आहे. आत बसायला जागा आहे. या. तुम्हीही या."

संपली.

मला वाटलं होतं बाबा लगेच ती म्हणायला लागतील. तसं झालं नाही. ते बराच वेळ पलंगाच्या कडेवर बोटं आपटत राहिले. मॅडमना वाटलं त्रास होतोय, त्यांनी पाणी पुढे केलं. बाबांनी पेला बाजूला सारला आणि माझ्याकडे बोट केलं. म्हणजे पुन्हा. पुन्हा म्हटली. परत बोट. वहिनींची भाजी खाली करपली तरी त्या हलल्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत त्यांना शेवटची ओळ आली होती. आज सकाळी दूधवाल्याला म्हणाले, "या. तुम्हीही या." तो बिचारा आत येऊन चहा पिऊन गेला. पेपरवालाही आला. हे असंच चाललं तर साखर पुरायची नाही.

हे सगळं मी तुला बोलावण्यासाठी लिहीत नाही. ते कुणालाही तेच म्हणतात.

शेपूट


२३ एप्रिल

दादा,

तू आलास ते बरं झालं. "या भागात एका गोदामाची पाहणी होती" असं तू दारातच सांगितलंस. मी कुठल्या गोदामाला आग लागली ते विचारलं नाही.

तुझे केस इतके कमी झालेत हे मला माहीत नव्हतं. टाय काढायला तुला बराच वेळ लागला. तुमच्यात काय बोलणं झालं ते मला ऐकायला आलं नाही असं तुला वाटलं असेल, कारण मी नळ सोडून भांडी घासत होते. नळ बंद केला होता. भांडी नुसती वाजवत होते.

तू पेपर उघडलास. मग बाबांनी सुरुवात केली, पहिल्या ओळीपासून. तू पान उलटलंस. शिपायांचे बूट झाले, जिना झाला. पेपरचं पान तसंच उघडं. बाबा म्हणाले, "ऐका मालक, तुमची मापं खोटी आहेत."

आणि तू, पेपरमधून मान वर न करता, म्हणालास, "काटे."

आठवत नाही म्हणालास ना. माझ्या हातून चमचा सिंकमध्ये पडला.

बाबा म्हणाले, "मापं."

"काटे, बाबा."

"मापं."

"काटे खोटे आहेत. पुढे 'खोटे' आहे, 'खोटी' नाही. मी रोज म्हणायचो."

"मापं."

असं किती वेळ चाललं देव जाणे. तुझा आवाज चढला. मला वाटलं, झालं, आता पुन्हा चपला घालतोय. घातल्यासच, पण गाडीची वेळ झाली होती. जाताना तू त्यांच्या पायावरची चादर नीट केलीस, ते मी बघितलं. बाबा "तुम्हीही या" म्हणाले नाहीत. दूधवाल्याला म्हणतात, तुला म्हणाले नाहीत. तुला ते लागलं असेल, म्हणून पुढचं लिहिते.

तू गेल्यावर बाबांनी बोलणं बंद केलं. एकही ओळ नाही. खिडकी हवी तरी नाही, बाथरूमला जायचं तरी नाही. पहिल्यासारखा "तं" सुद्धा नाही. मॅडम घाबरल्या. मला म्हणाल्या, "दुसरा झटका नाही ना?" डॉक्टर येऊन गेले, तसं काही नव्हतं. मी तुझ्यावर चिडले होते. पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं.

मॅडमनी कुठूनशी त्या कवितेची छापील प्रत शोधून आणली. आता चक्क जाड कागदावर छापतात, सुरुवातीला प्रस्तावना आहे. त्यांनी बाबांसमोर ओळ काढून धरली. "काका, हे बघा. काटे." बाबांनी चष्मा मागितला. वाचलं. चष्मा काढून ठेवला.

त्यानंतर काल सकाळची गोष्ट. मी त्यांची दाढी करत होते. एका गालाचं झालं होतं. ते म्हणाले,

"तो चुकतो."

मी वस्तरा बाजूला ठेवला. कवितेत ही ओळ नाही.

"कोण, बाबा?"

"तो." मग शब्द शोधत राहिले. मी मदत केली नाही, मॅडमनी तसं बजावलंय. "तेव्हाही. चुकायचा."

"पण छापलंय तसंच ना? तुम्ही वाचलंत."

"छापणारा. चुकला."

दुसऱ्या गालावरचा साबण सुकून गेला. त्यांना अजून काहीतरी हवं होतं. फोनकडे हात केला. मी तुझ्या ऑफिसचा नंबर लावला. तिकडून तुमचा कारकून बोलला, साहेब पाहणीला गेलेत म्हणाला. मी फोन ठेवणार, तर बाबांनी डाव्या हाताने रिसीव्हर काढून घेतला.

मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी होते, म्हणून पलीकडचं ऐकू येत होतं.

"हॅलो? कोण बोलतंय?"

बाबांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. "बाप," ते म्हणाले. "त्याचा. बाप."

"बरं. काही निरोप आहे का?"

"बोलायचंय."

"कशाबद्दल म्हणून लिहू? दाव्याचं काही आहे का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. पलीकडे कारकून थांबला होता, चांगला मुलगा असावा, त्याने घाई केली नाही.

"नाही," बाबा म्हणाले. "घरचं. घरचं काम आहे."

मग त्यांनी रिसीव्हर स्वतःच जागेवर ठेवला आणि उरलेली दाढी करायला गाल पुढे केला.

कारकुनाने काय लिहून घेतलं कुणास ठाऊक, म्हणून हे पत्र. सकाळी व्यायाम असतो. दुपारी ते जागे असतात.

शेपूट